मानेवरची सोनोग्राफी आणि माझे उपास

१ ऑगस्ट
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जालना स्टेशनवर गाडी लेट होती. एकाच बशीत दोघांचा चहा. माझा टोस्ट बुडाला, तो ह्यांनी चमच्याने काढून चारचौघांत मला भरवला. मी लाजून चूर. बशी ह्यांनी टपरीवाल्याकडून मागूनच घेतली. तेव्हापासून पाचचा चहा-टोस्ट आमचा एकत्र.
आजपासून बंद. माझ्या अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज आहे, घास छातीतच अडकतो. डॉक्टर गंधाली म्हणाली, काकू, दूध, गहू, अंडी, मासे, सोयाबीन, शेंगदाणे, सगळं बंद. मग पुन्हा मानेवरून सोनोग्राफी, नळी गिळायला नको. सूज उतरली तर एकेक पदार्थ परत. नाही उतरली तर पुन्हा घशातून दुर्बीण.
दुर्बीण नको. मागच्या वेळी मी नर्सला चावले होते.
पहिला परत येणार तो टोस्ट. गंधालीला तसं सांगून ठेवलंय.

२ ऑगस्ट
कॉन्व्हेंटमध्ये शिस्तीचं मेडल माझं असायचं. हे तर काहीच नाही.

४ ऑगस्ट
कोरा चहा. शाईसारखा.

५ ऑगस्ट, दुपारी
शोध लागला! सहापैकी चार गोष्टी उपासाला चालतच नाहीत. म्हणजे उपास हेच खरं डाएट. उरले दूध आणि शेंगदाणे. देवाला चालतात ते मला काय बाधणार? श्रावण आहेच. रोज उपास करायचा.

९ ऑगस्ट
साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, मसाला दूध. भांडी घासता घासता दुर्गाबाईने विचारलं, बाई, उपास करून राह्यल्या का बाळंतपण? तिला डाएट काय कळणार.
पाच वाजता मी दूध घेऊन स्वयंपाकघरातच बसते. बाहेर ह्यांचा चहा-टोस्ट चालू असणार. बघवत नाही.

१४ ऑगस्ट
घास दोनदा अडकला. साबुदाणाच जाड होता. दुकान बदलायचं.

२० ऑगस्ट
सोनोग्राफी. मानेवर थंडगार जेल. गंधाली म्हणायची, काकू, आता घोट गिळा. पडद्यावर नुसत्या करड्या रेघा. त्यात खिचडी कुठे दिसते? मी निश्चिंत.
अन्ननलिकेची भिंत आधीपेक्षा जाड झालीय म्हणाली. मी म्हटलं, मान अवघडली होती, पुन्हा बघ. पुन्हा पाहिलं. तेवढीच.
पथ्य पाळलं का? मी म्हटलं, पाळलं म्हणजे, कडक उपास केलेत. कशाकशाचे, तिने विचारलं. मी सांगत गेले. दाण्याच्या आमटीपाशी तिने डोळे मिटले. हे छताकडे बघत राहिले.
उद्या संभाजीनगर. दुर्बीण.

२१ ऑगस्ट, पहाटे
काही सुचत नाही. निदान स्वयंपाकघर तरी रिकामं करते. दाण्याचा कूट आणि साबुदाणा दुर्गाबाईला, तिच्या बोलण्यासकट. तूप शेजारच्या काकासाहेबांना, ते कधीचे मागतायत. दुधाचा मसाला गंधालीला, पोरीची काही चूक नाही.
टोस्टचा डबा ह्यांना द्यायला काढला. उघडला तर काठोकाठ भरलेला. एकालाही हात लावला नव्हता. ह्यांना उठवून विचारलं. म्हणाले, मीही कोराच पीत होतो. एकट्याला टोस्ट गोड लागत नाही गं.
मी आत दूध पीत होते, हे ह्यांना ठाऊक होतं का, ते विचारायचा धीर झाला नाही.
टोस्ट सादळलेत. ते दुर्गाबाईच्या म्हशीला.
बशी कुणालाही द्यायची नाही.