खर्ज चेलोला दिला

बाबा, काल तो कार्यक्रम एकदाचा पार पडला. सुटले बाई! सकाळपासून निवांत बसले आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

तुम्ही जन्मभर गवयांच्या शेजारी बसून पेटीवर साथ केलीत. मी गिटार उचलली ती कुणाच्या शेजारी बसावं लागू नये म्हणूनच. अंगठ्यानं खालचा खर्ज, बोटांनी वरचे सूर आणि मधेच तळहातानं लाकडावर थाप देऊन ताल, सगळं माझं मीच. लोक म्हणाले, काहीतरी नवीन आहे, नावही झालं. तुम्ही मात्र स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता माझी पहिली रचना पूर्ण ऐकलीत, गाळणं झटकलंत आणि म्हणालात, "छान आहे हो बाईसाहेब. पण यात दुसरं कुणी आलं, तर त्यानं बसायचं कुठे?" मला असा राग आला की चहा तसाच टाकून मी उठले.

या कार्यक्रमासाठी मात्र माझ्या रचनेत खरोखरच चौघं येऊन बसली. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हायोला, आणि पायांत धरून वाजवायचा, खालच्या सुरांचा थोरला चेलो. सगळी माझ्या निम्म्या वयाची. पहिल्या तालमीला माझ्या वारज्याच्या घरी सोफा भिंतीला सरकवला, पोहे झाले, वाजवायला बसलो आणि नुसता गोंधळ! मी वाजवतेय तेच ती वाजवतायत, कुणाचंच धड ऐकू येत नाही. हडपसरहून चेलो रिक्षात कोंबून आणणारी ती मुलगी, एरवी फार गोड, गज खाली ठेवून म्हणते, "सॉरी मॅम, पण खर्जही तुम्हीच वाजवणार असाल, तर मी घरी जाऊ का?" बाकीची तिघं छताकडे बघायला लागली. मला झोंबलंच. तो खर्ज बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, तो काय असा देऊन टाकायचा? आणि दिला, तर माझ्याकडे उरतं काय? आठवडाभर धुसफुसले. कार्यक्रम रद्द करावा असंही मनात आलं. शेवटी तिला फोन केला, "खर्ज तुझा. थापही काढते. सांभाळ मात्र."

काल रंगमंचावर अंगठा सवयीनं तारेकडे निघालाच. कसाबसा आवरला. आणि मग चेलोचा खर्ज उठला, बाबा! माझाच, पण माझ्या तारेतून इतका लांब कधी निघाला नव्हता. गिटारचा सूर छेडल्याबरोबर विझायला लागतो; तिचा गज त्याला धरून ठेवतो. मी वर नुसती दोन बोटं फिरवत होते, आणि माझी रचना मला प्रथमच ऐकू येत होती. आवळलेले खांदे आपोआप खाली आले. टाळ्या भरपूर झाल्या, पण हायसं वाटलं ते त्याच्या कितीतरी आधी.

हे पत्र टाकणार कुठे? इथेच राहील. तुमचं बरोबर होतं हे लिहायला बसले होते. ते लिहिलं असं समजा. पण एक सांगते, रागावू नका. काल तुम्ही पहिल्या रांगेत नव्हतात, याचं मला फार बरं वाटलं. असतात, तर तुम्हाला दाखवायचं म्हणून मी सगळं पुन्हा एकटीनंच वाजवलं असतं.