ब्याऐंशी किलो

४ जानेवारी
"पडलीस तर स्की सुटली पाहिजे, हाडं नाही." मी सात वर्षांची असताना बाबा म्हणाले होते. तोंड बर्फात होतं माझं तेव्हा.
आज दिवसभर तेच डोक्यात. स्कीच्या दुकानात सुट्टीची गर्दी. मी वजन विचारते आणि त्या आकड्यावर बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगची स्प्रिंग पिळते — जड माणसाला घट्ट, हलक्याला सैल. घट्ट राहिली तर पडताना स्की सुटत नाही, गुडघा सुटतो. बायका वजन कमी सांगतात. पुरुष वजन खरं सांगतात आणि कौशल्य खोटं. एक गृहस्थ म्हणाले, "मी निष्णात आहे." डावा बूट उजव्या पायात होता!

९ जानेवारी
बाबा आले. उभा जन्म स्की शिकवण्यात गेला, आता त्र्याहत्तर.
"वजन?"
"ब्याऐंशी. दर वर्षी काय विचारतेस, बुर्गी? मी काय पर्यटक आहे?"
वयाप्रमाणे स्प्रिंग थोडी सैल केली, तर तोंड वाकडं. मालक वेन्डेलिन मागून — "कासियानकाका, पोरगी तुम्हाला म्हातारं ठरवतेय!"
"ठरवू दे. आईवर गेलीय."
बूट सैल होतात म्हणाले. आत जाड तळवे घालून दिले.

१० जानेवारी
वादळ. डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद. दुकानात मी आणि वेन्डेलिनचा खोकला.

१५ जानेवारी
बाबांचे बूट पुन्हा सैल. आतलं अस्तरच बदललं. "हल्ली अस्तरं कागदाची करतात," म्हणाले. मी हो म्हटलं.

२१ जानेवारी
बाबा पडले. उतारावर नाही — लिफ्टच्या रांगेपाशी, जवळजवळ उभ्या उभ्या. पाय पिळला, स्की सुटली नाही. गुडघा ताणलाय, तुटलेलं काही नाही.
"स्प्रिंग कोणी लावली होती?" वेन्डेलिनने विचारलं.
"मी."
त्याने बाबांची स्की उचलून माझ्या टेबलावर ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी
बाइंडिंग यंत्रावर तपासलं. पुन्हा तपासलं. ब्याऐंशी किलोच्या म्हाताऱ्यासाठी अगदी बरोबर. मग सुटली का नाही?
दुपारी सूप घेऊन गेले. "चूक बर्फाची," बाबा म्हणाले. "ओला होता." सूप अर्धं ठेवलं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलेलं — हे मला आज दिसलं. आज!

२५ जानेवारी
दुकानातला वजनकाटा पिशवीत घालून नेला.
"मी बटाट्याचं पोतं आहे का?"
"उभे राहा, बाबा."
"गुडघा दुखतो."
"एका पायावर राहा. पण माझा खांदा सोडा."
सोडला. एकसष्ट.
"काटा बिघडलाय," म्हणाले. मी उभी राहिले. माझं वजन बरोबर दाखवलं, दुर्दैवाने.
"कधीपासून?"
"पट्ट्याला भोकं पाडतोय... उन्हाळ्यातल्या गवत कापणीपासून." मग खिडकीकडे बघत — "तुला सांगितलं असतं तर स्प्रिंग सैल केली असतीस."
"केलीच असती!"
"तेच."

२६ जानेवारी
त्यांच्या दारात गाडी लावलीय. इंजिन चालू आहे. बाबा खिडकीतून मान हलवतायत — मी विचारण्याआधीच 'नाही'.
चला ना, बाबा. इन्सब्रुकला, मोठ्या डॉक्टरांकडे. गुडघा दाखवायचा नाहीये.