नूरच्या नावाचं खातं

३ सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी फजरची नमाज झाली आणि दुकानाच्या चाव्या न घेता मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको अकबरी म्हणाली, "कुनाचं लगीन हाय?" सांगितलं – सूनबाईला घेऊन बँकेत चाललोय. ती पुढं बोलली नाही. पण चहात साखर घातली नाही, म्हणजे बोललीच.

बँकेतल्या साहेबांनी नूरचा पासपोर्ट उलटा केला, सुलटा केला. "श्रीलंका?" म्हटलं, होती, आता लोणावळा. माझा मुलगा रमीज आणि ती कतारला एकाच हॉटेलात होते. हॉटेल बंद पडलं, मे महिन्यात दोघं इकडे आले, निकाह इथल्याच मशिदीत झाला. व्हिसा आहे, पोलिसांकडची नोंदणी आहे, पॅन कार्ड आहे. आता तिला रोजच्या वापराचं एक साधं खातं पाहिजे.

साहेब म्हणाले, "काका, मुलाचं खातं आहे ना आपल्याकडं? मग वेगळं कशाला?"

मेहरचं सांगितलं. लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायचा पैसा. तिच्या एकटीचा. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, सासऱ्याचा तर नाहीच नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, परदेशी माणसाचं या शाखेत होत नाही, पुण्याला जाऊन बघा.

मग नूर पुढं सरकली. तिचं मराठी अजून अडखळतं. पण शब्द जुळवून म्हणाली, "होत नाही, ते लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिलं नाही. चहा मागवतो म्हणाले. आम्ही उठलो. मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं त्या वर्षापासून माझं खातं आहे तिथं! आज पहिल्यांदा चहा विचारला.

४ सप्टेंबर, गुरुवार

रमीजला विचारलं, मेहर कधी देणार? "अब्बा, तिचं खातं निघू दे, त्याच दिवशी टाकतो." मे महिन्यापासून हेच एक वाक्य.

८ सप्टेंबर, सोमवार

मी एवढा का मागे लागलोय, असं आज दुकानात बसल्या बसल्या मलाच विचारलं. एका बंगल्याची पाण्याची मोटार जळून आली होती. तांब्याची तार गुंडाळताना डोकं मोकळं असतं.

निकाहच्या दिवशी नूरची आई मोबाइलवर होती. गॉलजवळच्या गावात राहते, एकटी. नूरला वडील नाहीत. काझीसाहेबांनी मेहर वाचून दाखवली, उधार नाही, नगद. आई फोनवर काहीतरी म्हणाली. नूरनं खाली बघत सांगितलं – अम्मा विचारते, ही मिळेल हे कोण बघणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी हात वर केला. भाजे गावच्या शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की मी नेहमी खाली बघायचो. आयुष्यात एकदा हात वर केला, तो अल्लाच्या घरात केला. आता तो खाली कसा घेऊ?

संध्याकाळी पतसंस्थेत गेलो. तिथला अतुल म्हणाला, परदेशी व्यक्तीला सभासद करता येत नाही. "पण चाचा, तुमच्या नावावर ठेवा ना. व्याज चांगलं देतो." म्हटलं, व्याज मी घेत नाही आणि पैसे माझे नाहीत. दोन्ही बाजूंनी चुकलास. तो हसला. माणूस चांगला आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जुम्मा झाल्यावर उमर मशिदीच्या पायरीवर गाठून बसला. धाकटा भाऊ असून सल्ले थोरल्याचे देतो. त्याच्या दोन टुरिस्ट गाड्या आहेत, तिसरीचं चाललंय.

"भाई, बायामानसाला घेऊन बँका हिंडतोस, लोकं हसत्यात."

हसू देत, म्हटलं.

"आरं, पोरीला मेहर माफ करायला सांग की. आपल्या घरात कुनी घेतलीया? आईनं माफ केली, माझीनं केली, तुझीनं केली. सवाब मिळतो, पुण्य लागतं."

हे खरं आहे. आमच्याकडे मेहर ठरते मोठ्यानं आणि माफ होते हळूच. नवरीच्या कानात कोणीतरी म्हातारी सांगते, ती मान हलवते, झालं.

जेवताना अकबरीनं नूरच्या कानावर घातलंच, गोड शब्दांत. नूरनं हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, "अम्मी, माफ करायला अगोदर रमीजनं मागितली पाहिजे. त्याने दिली पण नाही, मागितली पण नाही."

रमीज पाणी प्यायला उठला. तांब्या भरलेला समोर होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

रमीज म्हणतो, फोनवरच्या फोनवर खातं निघतं, बँकेत जायची गरज नाही. नूरनं विचारलं – पैशाचे मेसेज कुणाच्या नंबरवर येणार? तिच्या फोनमधलं सिम रमीजच्या नावाचं. तो म्हणाला, माझ्या. मग काय झालं?

दुपारी तिला घेऊन बाजारात गेलो. सिम तिच्या पासपोर्टवर घेतलं. आधी सिम, मग खातं. ही तिचीच अक्कल. माझ्या लक्षात आलं नसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

नूरची आई न्हाणीत घसरून पडली. खुबा मोडला. शेजारणीनं कळवलं.

नूरनं रमीजला सांगितलं, मला जायचं आहे. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू, आता सीझन आहे, गाडी बुक आहे. कुठली गाडी? तेव्हा कळलं. उमरच्या तिसऱ्या गाडीत रमीज भागीदार आहे. कतारहून आणलेला सगळा पैसा त्यात गेला. मेहरसकट.

मी विचारलं, तिला विचारलंस?

"अब्बा, गाडी घरचीच आहे ना. तिचीच म्हणा की!"

तिची असेल तर चावी तिला दे, म्हटलं. चालवता येत नाही तिला, म्हणाला. मग तुला पण मेहर देता येत नाही असं म्हण. निदान खरं तरी बोलशील.

पोरगा माझ्यावर आवाज चढवून बाहेर गेला. असा कधी बोलला नव्हता. मीही कधी असा बोललो नव्हतो. रात्री इशाच्या नमाजेत मन लागलं नाही. पण माझं चुकलं असं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

पैसा नाही तरी खातं काढायचंच, म्हणजे रमीजचं ते एक वाक्य तरी संपेल. भाज्याच्या शाळेतला माझा सोबती रखमाजी वडगावला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. त्यानं एका लहान बँकेचं नाव सांगितलं. "तितं एक म्याडम हायती. कागुद वाचत्यात. बाकीचे नुसतेच बगत्यात."

लोकलनं वडगावला गेलो. त्या बाईंचं नाव अश्लेषा. वयानं नूरएवढ्याच. व्हिसा वाचला, नोंदणी वाचली, कुठल्यातरी नियमाचं पान काढून तेही वाचलं. मग म्हणाल्या, होतं की! फक्त वरून मंजुरी यायला दोन आठवडे लागतील. पत्त्याच्या पुराव्याला तुम्ही सही कराल? दहा करतो, म्हटलं.

मग कुठलं खातं घ्यायचं ते. मी आधीच सांगून टाकलं – करंट, बिनव्याजी. मेहर पाक पैसा आहे, त्याला व्याज लागायला नको. नूरनं माझ्याकडं नाही, बाईंकडं बघितलं. विचारत गेली. करंटला कमीत कमी किती ठेवावे लागतात? नाही ठेवले तर किती कापतात? बचतीचं कार्ड परदेशी तिकिटाला चालतं का? मेसेज माझ्या नंबरवर? नवऱ्याची सही कुठं लागणार का?

"कुठंच नाही," बाई म्हणाल्या.

"मग बचत द्या."

मी म्हटलं, बेटा, व्याज...

"व्याज किती आलं ते मी बघेन, मामा. मी गरिबांना वाटून टाकेन. खात्याचे पैसे कापले जातील ते मला चालणार नाही."

सासऱ्याला मामा म्हणायची त्यांच्याकडेही रीत आहे. पहिल्या दिवसापासून तेवढी एक हाक तिला शिकवावी लागली नाही.

पत्त्याच्या कागदावर मी सही केली. थोडं लागलं. चाळीस वर्षं जे पाळलं ते एका पोरीनं दोन वाक्यांत बाजूला ठेवलं. येताना लोकलमध्ये मळवलीपर्यंत हाच विचार. मग वाटलं, खातं तिचं आणि निवड माझी, तर रमीजमध्ये आणि माझ्यात फरक काय?

७ ऑक्टोबर, मंगळवार

मंजुरी नाही. नूरच्या आईचं ऑपरेशन झालं. शेजारीण रोज फोन करते. नूर रोज भाकरी करते. आता गोल होतात.

उमर दुकानात येऊन गेला. "हातात पैसा दिलास की पाखरू उडालं म्हनून समज. मग रमीजला घेऊन बस रडत."

म्हटलं, मोटार दुरुस्त करतोय, आवाजात ऐकू येत नाही. मोटार बंद होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खातं उघडलं! नूरचा फोन वाजला. तिनं मेसेज आधी स्वतः वाचला, मग मला, मग अकबरीला वाचून दाखवला. नाव पूर्ण होतं. पुढं-मागं कुणाचं नाही.

रमीजला दाखवलं. आता कुठलं वाक्य काढतो बघत होतो. म्हणाला, "सध्या हातात नाहीत, अब्बा. गाडीचे पैसे सुटायला लागले की देतो." आणि वर, तिला आत्ता पाठवायचं नाही, लोक काय म्हणतील.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या उमऱ्याचे, म्हणजे मक्केच्या यात्रेचे, पैसे आहेत. मी आणि अकबरी डिसेंबरात जाणार होतो. बारा वर्षं साठवलेत. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. हात मी वर केला होता. मुलगा देत नसेल तर ते देणं माझ्यावर आलं. डोक्यावर देणं ठेवून मी काबा कोणत्या तोंडानं बघू?

सकाळी अकबरीला सांगितलं. मला वाटलं भांडेल. निम्मे पैसे तिच्या शिवणाचे आहेत.

ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "माजी मेहर तुमच्या आईनं पहिल्याच राती माफ करून घेतली. मला इचारलं बी न्हाई, मान धरून हलवली. तवा मी एकोणीस वर्सांची होते."

तिनं दोऱ्याला गाठ मारली.

"तिची द्या," म्हणाली. "माजे निम्मे धरून द्या. आन रमीजला सांगून द्या. चोरून न्हाई."

रमीजला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही माझं घर मोडताय. म्हटलं, मी तुझं देणं फेडतोय. घर तुझं तू बघ.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काल वडगावला जाऊन भरले. पूर्ण मेहर. भरायच्या आधी नूरनं मला बँकेच्या पायरीवर थांबवलं. म्हणाली, "मामा, मी परत येईन असं आज सांगू शकत नाही. खोटं बोलून पैसे घेणार नाही. तुम्ही विचार करा." मी म्हटलं, मेहरला अट नसते, आणि आत जाऊन स्लिप लिहिली. अश्लेषा बाईंनी मोजून घेतले. नूरचा फोन वाजला.

आज पहाटे मीच तिला बसनं मुंबईला विमानतळावर सोडलं. रमीज दारात उभा होता, अडवलं नाही. तिकीट तिनं तिच्या कार्डावर काढलं. एका बाजूचं आहे. मी बघितलं.