भर दुपारची पानं

रविवार, दिवेलागणीला

आज सूनबाई जिंकली. काल दुपारी गच्चीवर तिच्या बादलीतल्या टमाट्याची पानं वर वळलेली दिसली अन् मी फर्मान काढलं, "बोकड्या रोग आलाय, उपटून टाक!" ती म्हणली, "मामा, पानं पिवळी न्हाईत, बारीक न्हाईत. सकाळी बघू, मंग उपटू."

आज सकाळी बघितलं तर पानं बिलकुल सरळ! दुपारी पुन्हा वळली. उन्हापासून जीव वाचवून राह्यलीत, दुसरं काय!

पण इतकी वर्षं शेतात टमाटा लावला, मला हे कसं माहीत न्हाई? सूनबाईला सांगणार न्हाई, इथं लिहितो. भर दुपारी मी कडुलिंबाखाली झोपलेला असायचो.