नऊशेपैकी पाचशे त्र्याऐंशी

९ जून २०२४, रविवार

पाचशे त्र्याऐंशी!

कर्जवाला एजंट श्यामसुंदर घरी आला, त्याच्या मोबाईलवर अंकुशचा सिबिल स्कोअर काढला आणि हातातला चहा तसाच टीपॉयवर ठेवला. अंकुश मात्र खुश.
"किती पैकी?"
"नऊशे."
"म्हणजे फर्स्ट क्लास झाला की!"
मास्तरणीच्या नवऱ्याने टक्केवारी तरी बरोबर काढली. श्यामसुंदर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मॅडम, या स्कोअरवर बँक सरांना छत्रीसुद्धा देणार नाही. साडेसातशे लागतात. तुमचा पण बघू का?"
मी म्हटलं, माझा बघायची गरज नाही. मी आयुष्यात कुणाचं एक पैसा देणं ठेवलेलं नाही. बाबांनी आमच्या घरात उधारीचं मीठ कधी येऊ दिलं नाही!

घराचं कर्ज मात्र दोघांच्या पगारावरच बसतं. एकट्याचं काम नाही. घर म्हणजे हेच, आम्ही भाड्याने राहतो ते. काशीमावशींची बिल्डिंग सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची, कागद स्वच्छ, आणि परवा त्या स्वतःहून म्हणाल्या, "तुमाला देते. पन पुढच्या वर्साच्या दिवालीपरत पैशाची सोय करा. मंग विपुल माजा आयकनार नाय." विपुल त्यांचा मुलगा. त्याच्याकडे रोख देणारं गिऱ्हाईक तयार बसलंय.

या घरात मी त्रेचाळिसाव्या वर्षी नवरी म्हणून आले. बेडरूमच्या दाराला अंकुशने माझ्या उंचीची खुंटी ठोकली, पर्स अडकवायला. आधी मोजून, मग ठोकून. मला दुसरं घर नको.

१० जून, सोमवार

लग्नाआधी पत्रिका पाहिली नाही. आपल्यात पाहत नाहीत, त्याचा मला अभिमान आहे. विहारात वंदना झाली, हार घातले, जेवलो. सिबिल पाहायचं कुणालाच सुचलं नाही.

१६ जून, रविवार

सबंध रिपोर्ट वाचला. अंकुशच्या नावावर तीन मोबाईल, एक कूलर, एक शिलाई मशीन, एक मोटरसायकल आणि एक फ्रिज. यातली एकही वस्तू आमच्या घरात नाही!

"मोबाईल कुणाचे?"
"कंपनीतल्या पोरांचे. कॉन्ट्रॅक्टवर आहेत, त्यांना कोण देणार हप्त्यावर?"
"शिलाई मशीन?"
"गिरजाबाई. आमच्या तुर्भ्याच्या कॅन्टीनला होत्या. काम सुटलं त्यांचं."
"मग हप्ते?"
"भरतात की. जमेल तसे."

जमेल तसे! हा माणूस पॅकिंग खात्यात सुपरवायझर आहे. एक खोका कमी भरला तर ट्रक अडवतो.

एकट्या फ्रिजचे हप्ते शेवटपर्यंत वेळेवर गेलेत. तो काशीमावशींचा निघाला! सुनेने माळ घातली, घरच्या फ्रिजमध्ये मासळी बंद झाली. मुलाला विचारायचं कशाला, म्हणून मावशींनी अंकुशच्या नावावर स्वतःचा फ्रिज घेतला आणि जिन्याखालच्या खोलीत ठेवला. दिवाळे गावातून आणलेले बोंबील, सुकट, सगळं तिथे. दर महिन्याला पदराच्या गाठीतून हप्ता काढून द्यायच्या. मी दोन वर्षं रोज त्या खोलीवरून जातेय. वाटायचं, उंदीर मेलाय.

३० जून, रविवार

आज मोटरसायकलीचं कळलं. ती हौसेराव भाऊजींची, म्हणजे अंकुशच्या चुलतभावाची. जिंतूरला असतात. त्यांचे हप्ते थकले, बँकेची माणसं अंकुशच्या कंपनीच्या गेटवर आली, तेव्हा याने घासाघीस करून थोडे कमी पैसे भरून प्रकरण मिटवलं. हा किस्सा मी प्रत्येक लग्नात ऐकलाय! "बँकेला वाकवलं मी. मेथीच्या जुडीसारखा भाव केला." बायका हसतात, पुरुष पाठीवर थाप मारतात.

श्यामसुंदरने सांगितलं, सगळ्यात मोठा डाग तोच. बँक अशी गोष्ट विसरत नाही.

अंकुशचं तोंड बघवेना. डागापेक्षा त्याला किस्सा गेल्याचं दुःख.

मग मी एक काम केलं. शर्टाच्या खिशात तो कायम एक निळा पेन लावतो. कुणी कागद पुढे केला की वाचायच्या आधी टोपण निघालेलं असतं. तो पेन काढून घेतला. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली.
"कामावर लागतो गं."
"कामावर पेन्सिल वापर."

१९ जुलै, शुक्रवार

मोटरसायकलीचे राहिलेले पैसे भरायला बँकेत गेलो. कुणी घेईना!

पहिल्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, हे खातं बंद आहे. दुसऱ्याने विचारलं, "नोटीस आली का?" नाही. "फोन आला का?" नाही. "मग का भरताय?" त्याने जवळच्या शिपायाला बोलावून आमच्याकडे बोट दाखवलं. मॅनेजरसाहेबांना वाटलं आमची काही तक्रार आहे. अंकुश हात जोडून म्हणाला, "साहेब, आठ वर्षांपूर्वी मी तुम्हाला फसवलं असं समजा. पण घ्या." पूर्ण बँक बघत होती. मला हसू आवरेना, म्हणून मी एटीएमच्या रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्याकडे कार्ड नव्हतं.

पुढच्या महिन्यात या म्हणाले.

१७ ऑगस्ट, शनिवार

घेतले एकदाचे! थकबाकी नसल्याचं पत्रही मिळालं. येताना अंकुश बससाठी उभा असताना म्हणाला, "तेव्हा हौसेरावाचा पाय मोडला होता. दुधाच्या फेऱ्या बंद पडल्या. मी मागितले असते तर त्याने गाडी विकली असती. मग खाल्लं काय असतं?"

हे लग्नातल्या किश्श्यात कधी नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार

मोबाईलवाल्या पोरांकडून, कूलरवाल्याकडून वसुली झाली. वसुली मी केली. अंकुश खाली रिक्षात बसून राहायचा. गिरजाबाईंनी पैशाऐवजी मला दोन ब्लाऊज शिवून दिले. मशीनचे उरलेले हप्ते आम्हीच भरले. ब्लाऊज फार सुंदर बसलेत.

अंकुशची एफडी मोडायची नाही, तिच्यावर त्याच्या नावाने क्रेडिट कार्ड घ्यायचं असा श्यामसुंदरचा नवा उपाय. उपाय ऐकून डोकं फिरलं. आपलेच पैसे बँकेत ठेवायचे, तेच कार्डावर उसने घ्यायचे, वेळेवर परत करायचे. मग बँक म्हणणार, शाब्बास! लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वापरायचं आणि तारखेच्या आधी भरायचं. मी फ्रिजवर कागद चिकटवला. आमच्याच फ्रिजवर.

१२ डिसेंबर, गुरुवार

सहाशे एकवीस. अंकुश रोज सकाळी वजन बघावं तसा स्कोअर बघतो. सांगितलं, महिन्यातून एकदाच बदलतो. म्हणाला, "माहितीये. तरी."

१६ एप्रिल २०२५, बुधवार

सहाशे नव्वद झाले होते. नव्वद!

जयंतीच्या कमिटीचा अंकुश खजिनदार. मंडपवाला आणि साउंडवाला दोघे अडून बसले, आधी पूर्ण पैसे. वर्गणी यायची होती. साहेबांनी आमचं कार्ड काढलं आणि अख्खी जयंती त्यावर घासली! मंडप, साउंड, खिरीचं दूध, निळे झेंडे. लिमिटला तळ लागला. मिरवणुकीत मी त्याच साउंडवर नाचले, मला काय माहीत!

आज सांगतोय. वर तोंड करून. "तूच म्हणालीस ना, घेऊन वेळेवर फेडलं की स्कोअर वाढतो? मग एवढं मोठं फेडलं तर किती वाढेल?"
"तिसरा हिस्सा, अंकुश! फ्रिजवर लिहिलंय!"
"ते घरच्या खर्चाला. हे बाबासाहेबांचं काम."

त्याच्याजवळ पेन नाही, पण कार्ड आहे. कार्डही पर्समध्ये गेलं.

१० मे, शनिवार

सहाशे बावन्न. वर्गणी सगळी आली, कार्डाचे पैसे तारखेत गेले, तरी अडतीस गेले. विपुल जिन्यात भेटला. "काय मॅडम, दिवाली आली की जवल." मे महिन्यात!

२५ मे, रविवार

हौसेराव भाऊजी आले. ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ. लंगडत चौथा मजला चढले. मी त्यांच्यासाठी वर्षभर एक भाषण तयार ठेवलं होतं. शाळेत येता-जाता त्यात सुधारणा केल्या होत्या.

"जयभीम वैनी. लई बारीक झालात."

भाषण गेलं. मी पोळ्या लाटायला लागले.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून कागद काढला. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळतोय, पतपेढी फीसाठी कर्ज देते, जामीन पाहिजे. अंकुशचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा. त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "पेन सापडत नाहीये बहुतेक."
"आसू द्या की वैनी, माझ्याजवळ हाय." भाऊजींनी पेन काढला!

अंकुश म्हणाला, "हौसेराव, या वर्षी नाही जमायचं." नाही म्हणताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्याला ते नीट म्हणताही येत नव्हतं. नव्या चपलेत चालल्यासारखं म्हणाला. भाऊजी लगेच, "आरं बरं, बरं. मी दुसरं बघतो," आणि ज्वारी कशी यंदा टपोरी आहे ते सांगत बसले.

मी जिंकले. अंकुश भाऊजींना स्टँडवर सोडून आला आणि रात्री जेवला नाही. लाईट बंद करून म्हणाला, "तिचं नाव मी ठेवलेलं."

२७ मे, मंगळवार

माझी आरडी मोडली. मुलीच्या कॉलेजला फी परस्पर पाठवली. अंकुशला सांगितलं नाही. सही केली नाही, जामीन राहिले नाही, फक्त पैसे दिले. हे नियमात बसतं.

२० जुलै, रविवार

सातशे चार. आणि आज पोरीने थेट काकालाच फोन करून फीबद्दल थँक्यू म्हटलं! अंकुश स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मी कोथिंबीर निवडत राहिले. शेवटी म्हणाला, "आणि मला पेन्सिल वापरायला लावतेस."

७ सप्टेंबर, रविवार

सातशे त्रेपन्न!!

अंकुशने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. कुणी विचारलं तर सांगायचा, "पास झालो." लोकांना वाटलं खात्याची परीक्षा. श्यामसुंदरने आज चहा पूर्ण प्याला, बशीतलासुद्धा. अर्ज केला. दोघांच्या सह्या. त्यासाठी मी पर्समधला पेन काढला, दोघांनी सही केली, आणि मी तो परत ठेवला. सवय लागायला नको.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत श्यामसुंदरचा फोन. "सरांचं एकदम ओके आहे, मॅडम. प्रॉब्लेम तुमचा आहे."

माझा!

"तुमचा स्कोअर उणे एक आलाय. कधी कर्ज नाही, कार्ड नाही, हप्ता नाही. ही बँक म्हणते, यांचा काहीच इतिहास नाही. बँकेच्या लेखी तुम्ही अजून जन्मलाच नाहीत. सहा महिने काहीतरी हप्ता वेळेवर भरा, मग परत अर्ज करू."

सहा महिने. दिवाळी तीन आठवड्यांवर. मी सव्वा वर्ष फ्रिजवर कागद चिकटवले, गरिबांच्या दारात वसुलीला गेले, त्याचा पेन काढून घेतला. आणि माझ्यामुळे घर जाणार.

अंकुशला फोन केला. कसंबसं सांगितलं, उणे एक.

तिकडे मशीनचा आवाज. मग अगदी हळू, "किती पैकी?"

स्टाफरूममध्ये मी एवढी हसले की शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं. तेव्हा कळलं, मी रडत होते.

२८ सप्टेंबर, रविवार

काशीमावशींकडे गेलो, स्पष्ट सांगायला. जिन्याखालच्या खोलीत बोंबील लावत होत्या. विपुल दारातच उभा. "बगा, मी बोललो होतो. आये, आता तरी माज्या पार्टीला हो बोल."

मावशींनी फ्रिजचं दार बंद केलं. "घर कोनाच्या नावाव हाय?"
"तुज्या. पन..."
"मना ह्यो फ्रिज पायजे होता तवा तू काय बोललास? 'आये, वास येतो.' या पोरान सही केली. कागद वाचला पन नाय." मग माझ्याकडे बघून, "गुडीपाडव्यापरत थांबते. तवर तुजा काय तो जन्म होऊ दे."

५ ऑक्टोबर, रविवार

वाशीला जाऊन मिक्सर घेतला. हप्त्यावर, माझ्या नावावर. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडमचा काही रेकॉर्डच नाही. ओळखीच्या एका माणसाची सही लागेल."

अंकुशचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मी पर्सची चेन उघडली आणि पेन त्याच्या हातात दिला.