ओलावा नऊ पॉइंट चार

१२ जानेवारी, लातूर
सकाळी दहाला नांदेडहून सुजाताचा फोन. डाळ गिरण्यांच्या मंडळाचा संगणक ती सांभाळते, जिल्ह्यातल्या-बाहेरच्या गिरण्यांच्या फाईली तिच्याकडं येतात.
"सर, विश्वनाथ कोण हो? आज त्यांनी रेणापूरला तुरीचे दोन लॉट पास केले."
विश्वनाथ दिवाळीनंतर आठव्या दिवशी गेला. खांदा मी दिला.
तिला म्हटलं, नंतर बोलतो. चहा तसाच राहिला.
(इथून पुढं नुसतं वि. लिहीन. पूर्ण नाव लिहिताना हात अडतो.)

१३ जानेवारी
सुजातानं फाईल पाठवली. वजन, गाडीनंबर, तारीख, सगळं त्या गिरणीचं. खाली दोन खाने माझे. तपासनीस: वि.चं नाव. ओलावा: ९.४.
कुठून आलं ते कळायला वेळ लागला नाही. मीच लिहिलंय.
सप्टेंबरातली गोष्ट. मंडळानं ठरवलं, सगळ्या गिरण्यांनी लॉटचा दाखला एकाच साच्यात पाठवायचा. एक्सएमएल. तोवर प्रत्येक खरेदीदाराचं वेगळं सॉफ्टवेअर, वेगळा फॉर्म. मुनीम एकच लॉट पाच ठिकाणी टाईप करायचे. हा साचा कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही, कुणीही उघडून वाचावा. प्रत्येक माहितीच्या आधी एक लेबल, नंतर एक लेबल, मधे माहिती. पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडं. एकतीस वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली, संध्याकाळी सहाच्या आत काहीही लिहून देतो. पण तुरीतलं मला काय कळतं?
वि.ला कळायचं. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तीस वर्षं ग्रेडर. शेजारी बसून कुठले खाने लागतात ते त्यानंच सांगितलं. साचा माझ्याआधी त्यालाच समजला. "म्हणजे रुमालाखालची बोटं बंद," म्हणाला. मोंढ्यात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तिसऱ्याला काही दिसायचं नाही. "आता हात उघडा. लई चांगलं झालं. पण उघड्या हातानं बी खोटं बोलता येतंय, ध्यानात ठेव."
पुस्तिकेतली नमुना फाईल राहिली होती. त्यानं शर्टाच्या खिशातून मूठभर तूर काढली, एक दाणा दाढेखाली धरला. कट्. "साडेनऊ." मीटरवर ठेवली तर ९.४. "मीटर चुकलंय," म्हणाला.
मी ९.४ लिहिलं. तपासनीसाच्या खान्यात त्याचं नाव टाकलं. तो हसला. "घातलं का मला पुस्तकात? आता मेलो तरी सुट्टी न्हाई."
हे वाक्य आज आठवलं. महिना दोन महिने आठवलं नव्हतं.

१४ जानेवारी
संक्रांत. रेणापूरला वि.च्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही. त्याच्यामागं वहिनींची पहिली संक्रांत.

१९ जानेवारी, नांदेड
सकाळच्या एसटीनं आलो. अहमदपूरला गाडी पाऊण तास उभी.
सुजातानं यादी काढून ठेवली होती. अकरा गिरण्यांनी नमुना जसाच्या तसा उतरवून घेतलाय. गाव बदललं, गाडी बदलली, नाव आणि ओलावा तसाच. एकाच दिवशी, एकाच सुमारास वि. रेणापुरात, मुरुडात आणि लोह्यात. जिवंतपणी त्याला लातूर-रेणापूर सोडून कुठं जायला नको असायचं. बस लागायची.
"संगणकानं अडवलं कसं नाही?" मी.
"काय म्हणून अडवंल सर? खाना रिकामा नाही, नाव आहे, आकडा आकड्यासारखा आहे. तो मांडणी पाहतो. माणूस आहे की नाही हे तो कसा पाहणार?" मग, "परत पाठवू का सगळ्या? मी दोन दिवसांपासून विचार करून राहिले."
मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतो, मग एकदमच करू.
तिनं माझ्याकडं पाहिलं.
खोटं बोललो. आवृत्ती दोन तासांचं काम आहे.

२३ जाने.
सुजाता रोज अकराला यादी पाठवते. मी पावणेअकरापासून फोन समोर घेऊन बसतो. आज निलंगा. काल औसा.
त्याच्या खिशातली ती मूठ. अजून गावोगाव हिंडतेय.

२८ जाने.
आज यादीत त्याचं नाव नव्हतं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी उशिरा आलेली एक फाईल मुरुडची. बरं वाटलं.
बरं वाटलं हे लिहून ठेवतो. नंतर नाकारता येऊ नये.

२ फेब्रुवारी
कोइमतूरच्या खरेदीदाराकडून मंडळाला पत्र. मुरुडचा लॉट. दाखल्यावर ओलावा ९.४. पोती उघडली तर आत बुरशी, दाणा हाताला गरम. विचारतात: तपासनीस वि. यांनी प्रत्यक्ष माल पाहिला होता का? त्यांना कायमचं यादीतून का काढू नये? उत्तर पुढच्या सोमवारी पाचपर्यंत.
फाईलवरची तारीख पाहिली. २८ जानेवारी. तीच, उशिरा आलेली.

३ फेब्रु., रेणापूर
वहिनींचा फोन आला म्हणून गेलो. पत्राची एक प्रत त्यांच्या घरी. नमुन्यात मी त्याचा पत्ताही घातला होता, विसरलो होतो. इंग्रजी पत्र. वहिनींनी ते त्याच्या फोटोमागं खोचून ठेवलं होतं.
"भाऊजी, काय लिहिलंय ह्यात? त्यांचं नाव तेवढं वाचता आलं मला." मग हळूच, "ते कुठं कामाला लागले होते का, मला न सांगता?"
वाचून दाखवलं. बुरशीचा भाग आला तेव्हा त्या उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या.
"त्यांनी पास केलेला माल वापस आला, असं आजवर झालं न्हाई. मोंढ्यात कुणालाबी इचारा. घरात भांडण झालं तरी दाढंखाली दाणा धरल्याबिगर सही नसायची त्यांची. मला म्हणायचे, दाणा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतोय." फोटोकडं न बघता म्हणाल्या, "ह्यांच्या नावावर हे राहू देऊ नका. बाकी मला काय नको."
हाव, नाही राहू देणार, म्हटलं. मी केलंय हे सांगितलं नाही. दारापर्यंत आल्या. "संक्रांतीला वाट बघितली तुमची," एवढंच.

५ फेब्रु., मुरुड
गिरणीतले मुनीम गोविंदराव. साधा माणूस. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, पानाला खूण.
"सर, हे बघा, तुमचंच हाय. 'खालीलप्रमाणे भरावे.' तसंच भरलं."
"पण नाव दुसऱ्याचं आहे ना हे."
"आम्हाला वाटलं ते असावंच लागतंय. सरकारी कागदावर छापलेलं असतंय की कुणाचं तरी नाव, तसलं. एकदा काढून बघितलं हो मी. फाईल लाल झाली, गेलीच न्हाई. पुन्हा घातलं, की गेली." मग अवघडून, "कोण हायेत हे? साहेब हायेत का नांदेडचे?"
"आणि ओलावा?"
"मीटर डिसेंबरपासून बंद हाय. मालकाला सांगितलं. माल वलसर वाटला मला, पर नऊ-चार चालून राहिलं होतं समद्यांचं."
त्याला काय बोलणार. 'खालीलप्रमाणे भरावे.' दोन शब्द. 'आपल्या तपासनीसाचे नाव लिहावे' असं लिहायला चार लागले असते. डेस्कवर पान लावताना मजकूर आला नसेल तर जागा रिकामी सोडायची नाही, काहीतरी भरून ठेवायचं, खरा मजकूर आला की काढायचं. आणि कधीतरी ते भरताड तसंच छापून जातं. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगायचो.

७ फेब्रु.
मंडळाची बैठक. अध्यक्ष मन्मथअप्पा. स्वतःच्या दोन गिरण्या. मी डेस्कवरचा उपसंपादक, पण त्यांनी मला कायम संपादकच म्हटलंय, थोडं चेष्टेनं.
"संपादकसाहेब, उत्तर तुम्ही लिहा. असं लिहा की हे गृहस्थ मंडळाचे मानद तपासनीस होते. माल तपासताना चूक झाली. मधल्या काळात त्यांचं निधन झालंय. विषय मिटला."
"ते निधन माल भरायच्या आधी झालंय अप्पा."
"तारखा कोण विचारतंय? तुम्ही बातम्या लिहिल्या, तुम्हाला मी सांगावं का कुठली ओळ वर घ्यायची ते? अकरा गिरण्यांचं नाव खराब होण्यापेक्षा एकाचं झालं. तो तर बिचारा वर गेला. त्याचं काय बिघडणार?"
सुजाता फोनवर जोडलेली होती. तिचा आवाज आला, "अप्पा, फाईली सगळ्यांकडं आहेत. साचा उघडा आहे. तारीख कुणीही वाचंल."
"तुला विचारलं का बाई?"
मी तिची बाजू घेतली नाही. हे नोंदवून ठेवतो.
उठताना अप्पा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिहिणारे तुम्हीच. पुढच्या वर्षी पुस्तिका नवी करायचीच आहे."

८ फेब्रु.
रविवार. अप्पांना हवं तसं पत्र लिहून पाहिलं. वीस मिनिटांत झालं. चांगलं झालं, तेच वाईट. वाचणाऱ्याला शंका येणार नाही असं. वि. त्यात थोडा म्हातारा, थोडा निष्काळजी दिसतो. खरंच असा होता की काय, असं मलाच क्षणभर वाटलं.
फाडलं. दुपारी स्वयंपाकघरात डब्यातली तूर घेतली, एक दाणा दाढेखाली धरला. कट् झालं की नाही ते कळलं नाही.

९ फेब्रु., सोमवार
पेपरमध्ये शुद्धिपत्र लिहायची एक रीत होती. चूक कुठली, कुणाची, खरं काय. चौथं वाक्य नाही. त्याच रीतीनं लिहिलं.
नमुन्यातलं नाव व ओलावा अकरा गिरण्यांनी खरा समजून उतरवला, चूक पुस्तिका लिहिणाऱ्याची. तपासनीस म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांनी यातला एकही लॉट पाहिलेला नाही, ते हंगामाआधीच वारले. १३ जानेवारीला हे लक्षात येऊनही मी ते थांबवलं नाही.
खाली माझं नाव. पद लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत राहील असं वाटत नव्हतं.
साडेचारला कोइमतूरला पाठवलं, प्रत मंडळाला. सुजाताला नवी पुस्तिका: नमुन्यात तपासनीसाचा खाना रिकामा. आयुष्यात पहिल्यांदा जागा रिकामी सोडून पान पाठवलं.
पाच वाजून दहा मिनिटांनी अप्पांचा फोन. उचलला नाही.

१० फेब्रु., रेणापूर
वहिनींना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. रोज अकराची वाट बघायचो तेही.
बराच वेळ हातातलं निवडणं चालू ठेवलं त्यांनी. मग म्हणाल्या, "मला सांगायचं होतं नं भाऊजी. मी बी बघितलं असतं."
निघताना, "आता कुठंच नसणार मग त्यांचं नाव?"
सुजातानं कालच सगळ्या गिरण्यांना कळवलंय, म्हटलं. नाही येणार.

११ फेब्रु.
मंडळाचं पत्र, दोन ओळी. सेवेची गरज नाही. अपेक्षा होतीच. ऑफिसची किल्ली शिपायाकडं दिली.
अकरा वाजता सवयीनं फोन समोर. यादी येणार नव्हती. आली. सोबत सुजाताचा फोन.
"सर, बसलेले आहात ना? इस्लापूरहून एक फाईल आली. पहिलीच त्यांची. आजवर त्या गिरणीनं काहीच पाठवलं नव्हतं. आपली पुस्तिका त्यांना गेलेलीच नाही, मी रजिस्टर पाहिलं."
"मग?"
"तपासनीस विश्वनाथ."
"दुसरा असेल. नाव काय एकाचंच असतं का?"
"आडनावासकट आहे सर. पत्ता रेणापूर." थांबली. "पण ओलावा नऊ-चार नाही. तेरा पॉइंट एक. आणि खाली शेरा आहे. शेऱ्याचा खाना आजवर कुणी भरलाच नव्हता."
"काय शेरा?"
"'दाणा तुटत नाही, दबतो. माल घेऊ नये.' लॉट नापास. सर, ह्या हंगामातला हा पहिला नापास लॉट आहे."
कुणीतरी मोंढ्यात त्याच्या हाताखाली शिकलेलं असेल. कुणाकडून तरी फाईल मिळाली असेल. साचा उघडा आहे, कुणीही घ्यावा. मी तिला हे सगळं सांगितलं. ती हाव हाव म्हणत राहिली.
इस्लापूरच्या गिरणीचा नंबर तीनदा लावला. वाजतो. कुणी उचलत नाही.
"सर, नियमानं परत पाठवायला पाहिजे. नाव चालणार नाही. पण परत पाठवली तर त्यांचा नापासचा शेरा बी रद्द होतो, माल मोकळा होतो. काय करू?"
माझा आता मंडळाशी संबंध नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी विचारून राहिली होती.
आज परत पाठवू नको म्हटलं, आधी गिरणीत जाऊन कुणीतरी पाहायला हवं. इस्लापूरवरून जाणारी सकाळची किनवट गाडी गेली, पुढची साडेबाराला आहे नांदेडहून. मला गाठता येणार नाही, तिला येईल. ती निघतेय म्हणाली.
इथं बसून आहे. विश्वनाथ. पूर्ण लिहिलं. हात अडला नाही.