बाबांना उरलेली वाक्यं

४ नोव्हेंबर

बाबांना पाणी हवं होतं. म्हणाले, "वेळ पाळणाऱ्यालाच वेळ मिळतो." अगदी खणखणीत! मी चहा दिला, मग पेपर, मग चष्मा. शेवटी त्यांनी डाव्या हाताने रिकामा पेला ढकलला तेव्हा माझी ट्यूब पेटली. तोवर दोघंही रडकुंडीला आलो होतो.

बाबा मास्तर होते तोवर रोज सकाळी शाळेच्या फळ्यावर एक सुविचार लिहायचे. सगळे स्वतः रचलेले. अर्धांगाच्या झटक्याने बाकीचं सगळं नेलं – पाणी, हो, नाही, माझं नाव – आणि नेमके हे सुविचार ठेवले. लेकीपेक्षा फळा जवळचा निघाला. असो.

६ नोव्हेंबर

स्पीच थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, वर्षानुवर्षं घोकलेलं आपोआप तोंडातून बाहेर पडतं, त्यात त्यांचा काही हेतू नसतो. "ते जे बोलतात त्याकडे लक्षच देऊ नका. हाताकडे बघा." मग त्यांनी बाबांना खुणा शिकवल्या. हो म्हणायचं तर अंगठा वर. नाही म्हणायचं तर तळवा गादीवर आपटायचा. बाबा पटकन शिकले. डोकं शाबूत आहे, हे मला आज पहिल्यांदा नीट कळलं, आणि बरं वाटण्याऐवजी धास्तीच वाटली. म्हणजे आत सगळं समजतंय.

९ नोव्हेंबर

लोक भेटायला येतात आणि भारावून जातात. "आजारपणातही काय विचार आहेत बघा!" आज शेजारच्या शिंप्याने विचारलं, दुकान दुसरीकडे हलवू का? बाबा म्हणाले, "अक्षर स्वच्छ तर मन स्वच्छ." त्याने मान डोलावली, अर्थ काय लावला देव जाणे, आणि समाधानाने गेला. मला हसू आवरेना. वळून बघते तर बाबांच्या डोळ्यांतून पाणी.

११ नोव्हेंबर

औषधाच्या दुकानात आलेल्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी कसलं पवित्र वातावरण असेल ना!" हो. बेडपॅनचं.

१५ नोव्हेंबर

आत्या आली होती लेकीला घेऊन. माझी ही आतेबहीण परवा बॅग भरून नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. मनगट सुजलेलं, बाही सारखी खाली ओढत होती. आत्याला ती परत जायला हवीय. वर तोंडाने म्हणते, "माझं नको ऐकूस. तुझा मामा सांगेल तसं कर. तो कधी चुकीचं सांगायचा नाही."

ती बाबांच्या कॉटवर टेकली. "मामा, जाऊ का परत?"

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि बाहेर काय आलं, तर – "सहन करणारा माणूसच मोठा होतो."

लगेच त्यांचा तळवा गादीवर आपटायला लागला. धाड, धाड. आत्या म्हणाली, "बघ, कसा ठासून सांगतोय!"

आतेबहिणीने माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलून आत गेले.

१६ नोव्हेंबर

ती सकाळच्या गाडीने परत गेली.

मी काय करणार होते? आत्यापुढे आजवर कुणाचं चाललंय? आणि मी तोंड उघडलं असतं तर आत्या म्हणाली असती, एवढा पुळका आहे तर ठेवून घे तुझ्याकडे. दोन खोल्या. एकीत बाबा. माझ्या पाठीचे आधीच तीन तेरा वाजलेत. नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटेल.

१८ नोव्हेंबर

बाबा माझ्या हातून जेवत नाहीत. तोंड भिंतीकडे.

२१ नोव्हेंबर

खरा राग येतो तो त्या सुविचारांचा. गुळगुळीत, कुठेही चिकटवा. बाबांनी फळ्यावर इतकं शहाणपण ओतलं, त्यातलं एक वाक्य त्या पोरीच्या कामाचं निघू नये? दोष द्यायचाच तर आत्याला द्यावा. नाहीतर त्या झटक्याला. थेरपिस्ट बाईंना आज मी सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "खुणा तुम्हाला ठाऊक होत्या ना?" मी विषय बदलला.

२४ नोव्हेंबर

आतेबहिणीचा फोन आला, हॉस्पिटलमधून. हात मोडलाय. मी एका दमात सगळं सांगून टाकलं – ते बाबांचं बोलणं नव्हतंच, तळवा म्हणजे नाही, आत्याने भलताच अर्थ घेतला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामाला बोलता येत नाही हे मला कळलं होतं गं तेव्हाच. मी तुला विचारत होते."